अवकाशयानांचे आज्ञालेखक



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला ‘अवकाशसंशोधन आणि संगणक’ असा विषय दिला होता. विषय इतका ऐसपैस आहे की त्यात तासभर सहज हरवून जावे. म्हणून चालकांच्या संमतीने मी त्याचा एकच कोपरा धरला आहे. आज मी अंतराळवीरांविषयी बोलणार नाही, आणि अग्निबाणांविषयीही फारसे बोलणार नाही. टेबलाशी बसून यानासाठी आज्ञा लिहून देणारा जो मनुष्य असतो, ज्याला आपण सॉफ्टवेअर इंजिनियर म्हणतो, त्याच्याविषयी मला बोलावयाचे आहे.

या मंडपात असे घर विरळा असेल की ज्या घरातला मुलगा, सून, जावई किंवा भाची या व्यवसायात नाही. पण तो नेमके काय करतो असे कोणी विचारले, तर ‘कॉम्प्युटरवर असतो’ यापलीकडे उत्तर येत नाही. मी स्वतः शास्त्रज्ञांच्या संगतीत राहून आयुष्यभर हेच काम केले, आणि माझ्याही घरी याहून निराळे उत्तर मिळत नाही! तेव्हा आधी एवढे स्पष्ट करून घेऊ की, संगणक हे अत्यंत आज्ञाधारक आणि अत्यंत निर्बुद्ध यंत्र आहे. सांगितले तेवढेच ते करते, आणि सांगितले ते चुकीचे असले तरी तितक्याच निष्ठेने करते. त्याला काय करावयाचे हे क्रमाने सांगणारी जी यादी, ती आज्ञावली.

आता बँकेची आज्ञावली आणि यानाची आज्ञावली यांत फरक कोणता? बँकेचे यंत्र बिघडले तर गिऱ्हाइके ओरडतात, कोणीतरी धावत जातो, दुरुस्त करतो. यानाच्या मागे धावत जाता येत नाही. पानिपतावर काय घडले ते पुण्यास कळेपर्यंत काय काळ लोटला, हे आपणांस ठाऊक आहेच. दूर गेलेल्या फौजेला पुण्यातून क्षणाक्षणाला हुकूम देता येत नसत; निघतानाच जे सांगावयाचे ते सांगून ठेवावे लागे. यानाचे तसेच आहे. २०१४ सालच्या सप्टेंबरच्या २४ तारखेस आपले मंगळयान मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरले, तेव्हा पृथ्वीवरचा संदेश तेथे पोचावयास सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. इंजिन सुमारे २४ मिनिटे पेटते राहावयाचे होते, आणि पेटल्यावर थोड्याच वेळात यान मंगळाच्या आड जावयाचे होते. म्हणजे बंगळूरच्या मंडळींनी काही गडबड पाहून हुकूम पाठवावा, तर तो पोचेपर्यंत सगळा प्रसंग उरकलेला! म्हणून सर्व आज्ञा कित्येक दिवस आधीच यानावर चढवून ठेवल्या होत्या. त्या सकाळी शास्त्रज्ञ पडद्याकडे पाहत बसले होते, ते करण्यासारखे काही उरले नव्हते म्हणूनच.

तेव्हा या कामाचा खरा भाग कोणता? जे घडावयाचे ते लिहिणे हा सोपा भाग आहे. जे घडू नये, जे घडणारच नाही असे सर्वजण म्हणतात, ते घडले तर यंत्राने काय करावे, हे आधी लिहून ठेवणे हा कठीण भाग. आणि जे घडलेच नाही त्याची नोंद कोणी ठेवीत नाही, ही या व्यवसायाची अडचण आहे.

अपोलो मोहिमेची गोष्ट घ्या. अमेरिकेने चंद्रावर माणूस पाठविण्याचे ठरविले आणि १९६१ सालच्या ऑगस्टमध्ये जे पहिले मोठे कंत्राट दिले, ते अग्निबाणाचे नव्हते. यानाला वाट दाखविणाऱ्या यंत्रणेचे होते. ते मिळाले मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या, म्हणजे एम. आय. टी. च्या, एका प्रयोगशाळेस. चंद्रावर उतरण्याची आज्ञावली विद्यापीठात लिहिली गेली, ही गोष्ट ध्यानात ठेवा. मला पुढे तिच्याकडे यावयाचे आहे.

त्या यानातील संगणकाला कायमच्या आज्ञांसाठी अवघ्या ३६,८६४ शब्दांची जागा होती, आणि हिशेबाच्या कच्च्या पाटीसाठी २,०४८ शब्दांची. येथे ‘शब्द’ म्हणजे सोळा खुणांची एक ओळ समजा. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये एका छायाचित्राला याहून कितीतरी अधिक जागा लागते. आणि त्या कायमच्या आज्ञा चक्क विणाव्या लागत! चुंबकीय कड्यांची रांग असे; तार कड्यातून गेली तर एक, कड्याच्या बाहेरून गेली तर शून्य. वॉल्थॅम गावच्या कारखान्यात स्त्रिया सुया घेऊन हे विणकाम करीत. येवल्याच्या मागावर पदर विणून झाल्यावर मोराची मान चुकली म्हणून उसवता येत नाही, तसेच हे. म्हणून उड्डाणाच्या पुष्कळ आधी आज्ञावली पुरी करून विणावयास द्यावी लागे, आणि त्यानंतर सुचलेले शहाणपण मनातच ठेवावे लागे.

या प्रयोगशाळेत उड्डाणाच्या आज्ञावलीचे काम ज्यांच्याकडे आले, त्या मार्गारेट हॅमिल्टन. गणिताच्या पदवीधर; आधी त्यांनी एम. आय. टी. तच हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांच्या हाताखाली आज्ञालेखन केले होते. त्यांची लहान मुलगी रात्री आणि सुटीच्या दिवशी त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत येई. एकदा ती नकली यानाच्या कळांशी खेळत बसली, आणि यान ‘उडत’ असताना तिने उड्डाणापूर्वीच्या तयारीची आज्ञा सुरू केली. सगळा कारभार कोलमडला. मुलाने खेळताना यंत्र बिघडविले तर आपण त्याला दटावून बाजूला नेतो. हॅमिल्टनबाईंनी निराळा विचार केला: उद्या हीच कळ अंतराळवीराने दाबली तर? यंत्राने ती आज्ञा नाकारावी, अशी तरतूद करू द्या, असे त्यांनी वरिष्ठांस सांगितले. उत्तर मिळाले की, अंतराळवीर इतके तालमीत तयार झालेले असतात की ते अशी चूक करणार नाहीत. तेव्हा त्यांनी कागदपत्रांत एक सूचना तेवढी लिहून ठेवली.

१९६८ च्या डिसेंबरात अपोलो ८ चंद्राला वळसा घालून परत येत असताना जेम्स लॉव्हेल यांनी नेमकी तीच आज्ञा चुकून सुरू केली. यान कोठे तोंड करून आहे याची यंत्रापाशी असलेली माहिती पुसली गेली. ताऱ्यांचे वेध घेऊन ती पुन्हा बसवावी लागली. लॉव्हेल हे काही कच्चे गडी नव्हते. त्यांच्याइतका वेळ त्या दिवसापर्यंत अंतराळात कोणी काढला नव्हता. चूक थकलेल्या माणसाकडून होते, आणि कसलेला माणूसही थकतो, एवढाच त्याचा अर्थ.

पुढल्या वर्षी, १९६९ च्या २० जुलैस, अपोलो ११ चंद्रावर उतरू लागले आणि शेवटच्या काही मिनिटांत संगणकाने १२०२ या आकड्याची धोक्याची सूचना दिली, पुन्हा दिली, मग १२०१ ही दिली. एका रडारकडून निरर्थक खुणांचा मारा चालला होता आणि यंत्राचा वेळ त्यात जात होता. हे यंत्र बंद का पडले नाही? आपल्याकडच्या लग्नातला जाणता कारभारी आठवा. पाचशे पाने धरली होती आणि आठशे माणसे आली, तर तो गुलाबपाणी आणि अत्तर थांबवितो, आहेराच्या याद्या बाजूला ठेवितो, पण वरणभाताची पंगत थांबू देत नाही. हॅल लेनिंग यांनी या संगणकाच्या कारभाराची रचनाच अशी केली होती की कामांना मान ठरवून दिलेला असे, आणि गर्दी झाली की यंत्र सगळे टाकून पुन्हा सुरुवात करी, पण महत्त्वाची कामे जेथे होती तेथून उचलून. सूचना म्हणजे यंत्राची कुरकुर नव्हती. ‘मी हलकी कामे टाकली आहेत, उतरण्याचे काम चालू आहे,’ असे ते सांगत होते. ह्यूस्टनमधील तरुण अधिकाऱ्यांनी ते ओळखले आणि ‘पुढे चला’ असा निरोप दिला.

आजकाल ही कथा सांगताना सारे श्रेय एकट्या हॅमिल्टनबाईंना देण्याची रीत पडली आहे. त्यांचा मान मोठाच आहे. २०१६ साली त्यांना अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते तेथील सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. पण लेनिंग यांचे नाव किती जणांनी ऐकले आहे? आणि डॉन आइल्स यांचे? १९७१ च्या फेब्रुवारीत अपोलो १४ उतरण्याच्या तयारीत असताना ‘मोहीम सोडा’ असे सांगणारा खटका आतून बिघडला आणि आपोआप सुरू होऊ लागला. या तरुणाने दोन-एक तासांत एक तोड काढली; वर अंतराळवीरांनी ती आकड्या-आकड्याने कळा दाबून भरली, आणि ते उतरले. एका माणसाचे चित्र भिंतीवर लावावयास सोपे असते, म्हणून आपण लावतो. असो.

घडणार नाही असे धरून चालले की काय होते, याचे उदाहरण युरोपचे आहे. १९९६ च्या जूनच्या ४ तारखेस एरियान ५ हा नवा अग्निबाण फ्रेंच गयानातून उडाला आणि सुमारे ३७ सेकंदांत वाट सोडून फुटला. कारण ऐकाल तर हसू येईल. दिशा राखणाऱ्या यंत्रातील आज्ञावली जुन्या एरियान ४ वरून जशीच्या तशी आणली होती. तीत एक मोठी संख्या लहान मापात ओतली जात असे. जुन्या अग्निबाणाच्या चालीत ती संख्या त्या मापाबाहेर जाणे शक्य नव्हते, म्हणून तेथे पहारा ठेवला नव्हता. नव्या अग्निबाणाची चाल निराळी. पायलीत मणाचे धान्य ओतले गेले आणि यंत्राने काम सोडले. जोडीला राखीव यंत्र होते. पण त्यातही तीच आज्ञावली, त्यामुळे तेही त्याच कारणाने बसले. आणि ज्या हिशेबासाठी हे सारे घडले, त्याची जमीन सोडल्यानंतर गरजच नव्हती! त्या अग्निबाणावर क्लस्टर नावाचे चार उपग्रह होते, पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाचा अभ्यास करण्यासाठी विद्यापीठांतल्या मंडळींनी वर्षानुवर्षे खपून तयार केलेले. ते काम पुन्हा उभे राहून अवकाशात जावयास २००० साल उजाडावे लागले. चार वर्षे म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याची संपूर्ण पीएच.डी. होय.

आपल्याकडे चांद्रयान २ चा विक्रम २०१९ च्या सप्टेंबरात चंद्रावर आदळला. ‘इस्रो’चे त्या वेळचे अध्यक्ष सोमनाथ यांनी २०२३ साली त्याची कारणे उघडपणे सांगितली: इंजिनांनी अपेक्षेहून अधिक जोर दिला, चुका साठत गेल्या, आणि त्या सावरण्यासाठी यानाला जितक्या वेगाने वळावयास हवे होते तितके वळण्याची मुभा आज्ञावलीने ठेवली नव्हती. उतरण्याची जागाही ५०० मीटर लांब-रुंद, एवढीशीच. चांद्रयान ३ करताना त्यांनी प्रश्नच उलटा केला. काय काय बरोबर होईल हे न धरता काय काय बिघडेल ते मांडले आणि प्रत्येकासाठी तोड केली. जागाही ४ किलोमीटर बाय अडीच किलोमीटर अशी ऐसपैस ठेवली. २०२३ च्या २३ ऑगस्टला आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर जे पाहिले ते त्या यादीचे फळ. मला स्वतःला त्या उतरण्यापेक्षा ही कारणे लपवून न ठेवता सांगणे अधिक मोलाचे वाटते.

आता विद्यापीठाकडे येतो. १९९७ च्या ४ जुलैस पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. काही दिवसांत त्याचा संगणक मधूनच आपणहून नव्याने सुरू होऊ लागला. दिवसाचे काम अर्धवट राही. याचे कारण एखाद्या कचेरीच्या उदाहरणाने सांगतो. कोठीची किल्ली एकच आहे. शिपाई ती घेऊन कोठीत गेला. इतक्यात मोठ्या साहेबांना कोठीतले कागद हवे झाले. ते दाराशी थांबले. शिपाई दोन मिनिटांत बाहेर येता, पण मधल्या दर्जाचे कारकून एकामागून एक त्याला हाका मारून आपली कामे सांगू लागले. शिपायाला कारकुनाचे ऐकणे भाग. तेव्हा साहेब खोळंबले ते शिपायामुळे नव्हे, आपल्याहून खालच्या कारकुनांमुळे! यानावर हवामानाची नोंद करणारे हलके काम म्हणजे तो शिपाई, आणि माहितीची ने-आण सांभाळणारे महत्त्वाचे काम म्हणजे साहेब. साहेबांचे काम वेळेत झाले नाही की पहारेकरी घड्याळ सारी कचेरी बंद करून पुन्हा उघडी.

कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत तसेच यंत्र ठेवलेले होते. मंडळींनी त्यावर पुनःपुन्हा प्रयोग करून बिघाड पृथ्वीवर घडवून आणला, आणि तो सापडला. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही हे लक्षण दिसले होते. पण उतरण्याच्या चिंतेपुढे ते मागे पडले. उपाय असा की, शिपायाच्या हाती किल्ली आहे तोवर त्याला साहेबाचा दर्जा द्यावयाचा. मग कारकून त्याला अडवू शकत नाहीत. ही सोय यंत्रात मुळातच होती, फक्त बंद ठेवलेली होती. ती चालू करण्याची आज्ञा मंगळावर पाठविली आणि दुखणे थांबले.

हा उपाय आला कोठून? लुई शा, राज राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की या कार्नेगी मेलन विद्यापीठाशी संबंधित तिघांनी १९९० साली एक शोधनिबंध लिहिला होता. त्यात हा दोष मांडून त्यावरचा तोडगा गणिताने सिद्ध केला होता. त्या वेळी त्यांच्यापुढे मंगळ नव्हता. १९९७ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत पाथफाइंडरची ही कथा सांगितली गेली, तेव्हा हे तिघेही श्रोत्यांत बसलेले होते. अध्यक्षांनी त्यांना उभे राहावयास सांगितले आणि सभागृहाने टाळ्या वाजविल्या. शुद्ध सिद्धांत मांडणाऱ्यांच्या नशिबी असा प्रसंग फार क्वचित येतो.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजू कमी रम्य आहे, पण ती सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. निबंध लिहिणाऱ्याला विद्यापीठात जागा आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याला ती शोधावी लागते. मी ज्या संस्थेत होतो, तेथील बढतीच्या अर्जात प्रसिद्ध झालेले निबंध, ग्रंथ, मार्गदर्शन केलेले विद्यार्थी, मिळालेली पारितोषिके, असे रकाने होते. आज्ञावलीला रकाना नव्हता. ज्या आज्ञावलीवर आमच्या विभागातील डझनभर निबंध उभे होते, ती मला ‘इतर माहिती, असल्यास’ या दीड ओळीत बसवावी लागे. संस्थेचे नाव घेत नाही, कारण तो अर्ज जवळपास सर्वत्र तोच आहे.

यात नुसत्या मानापमानाचा प्रश्न असता तर मी तो व्यासपीठावर आणला नसता. पण आजच्या खगोलशास्त्रात आज्ञावली हे शास्त्रज्ञाचे साधन राहिलेले नाही, ते त्याचे डोळेच झाले आहेत. नारायणगावजवळ खोडदला जी प्रचंड दुर्बीण आहे, तीत ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्या आहेत. त्यांतील कोणतीही एक ताटली चित्र काढीत नाही. तिसांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीच्या खुणा एकमेकींशी ताडून, त्यातला मोबाइल फोनचा आणि विजेच्या तारांचा गोंगाट वगळून, गणिताने चित्र उभे करावे लागते. २०१५ साली गेलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर क्ष-किरण पाहणारे एक उपकरण आहे. त्याच्या माहितीवरची प्रक्रिया पुण्याच्या ‘आयुका’त होते. त्या उपकरणाला भिंग नाही. भोके पाडलेल्या पत्र्याची सावली खाली पडते आणि त्या सावलीवरून किरण कोठून आले ते हिशेबाने काढावयाचे. म्हणजे चित्र उपकरणात नसतेच, ते आज्ञावलीत असते. तीत एका चिन्हाची चूक असली, तर आकाशात नसलेला तारा निबंधात उगवेल!

असे असूनही ती लिहिणारा बहुधा एखादा विद्यार्थी असतो. तो पदवी घेऊन जातो, आणि तिप्पट पगार देणारी कंपनी हिंजवडीला बसलेली असते. मी त्याला दोष देत नाही. कर्जाचा हप्ता रकान्यातल्या मानाने फिटत नाही. पण मागे राहिलेली आज्ञावली मग कोणालाच पुरती कळत नाही, आणि तिला हात लावावयास सर्व भितात. ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमारास या मंडळींनी स्वतःसाठी ‘संशोधनातील सॉफ्टवेअर इंजिनियर’ असे नाव घेतले आणि तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांत अशी पदे निघाली. खगोलशास्त्रज्ञांनी मिळून लिहिलेली ‘ॲस्ट्रोपाय’ नावाची आज्ञावली जगभर वापरली जाते. तिच्या लेखकांनी २०१३ साली तिच्याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला, जेणेकरून वापरणाऱ्यांना उल्लेख करावयास काहीतरी सापडावे. युक्ती चांगली आहे. मात्र विहीर खणणाऱ्याने पाण्याबद्दल मान मिळावा म्हणून विहिरीवर पोवाडा लिहावा, तसला हा प्रकार आहे, हे मी म्हटल्याशिवाय राहत नाही. आपल्या विद्यापीठांनी अर्जात एक रकाना वाढवावा आणि दर विभागात अशी एक तरी कायम जागा ठेवावी. खर्च एका उपकरणाच्या देखभालीहून अधिक येणार नाही.

लिहिलेले कोणालाच कळेनासे झाले म्हणजे काय ओढवते, याचे एक उदाहरण देऊन थांबतो, कारण अध्यक्षांनी घड्याळ पुढे सरकविले आहे. व्हॉयेजर १ हे यान १९७७ सालच्या सप्टेंबरात निघाले. माणसाने बनविलेली कोणतीही वस्तू त्याच्याइतकी दूर गेलेली नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात ते अर्थहीन खुणा पाठवू लागले. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील मंडळींपुढे जे यंत्र होते ते त्यांच्यापैकी काहींच्या जन्माआधीचे. मूळ लेखक निवृत्त झालेले, काही हयातही नव्हते. तेव्हा जुने कागद बाहेर काढले, आणि ज्यांना भेटता येत नाही अशा माणसांनी काय मनात धरून कोणती आज्ञा कोठे ठेवली होती, ते या मंडळींनी ओळीओळीने वाचून काढले. स्मृतीचा एक छोटा तुकडा जळाला होता, सुमारे ३ टक्के. त्यात असलेल्या आज्ञा दुसरीकडे हलवावयाच्या, पण सगळ्या एकत्र मावतील अशी रिकामी जागा कोठेच नाही. म्हणून त्यांनी त्यांचे तुकडे केले, फटीफटींत बसविले, आणि तुकडे एकमेकांना सापडतील असे पत्ते सर्वत्र बदलले. १८ एप्रिल २०२४ रोजी पहिला भाग पाठविला. संदेश जावयास साडेबावीस तास, उत्तर यावयास तितकेच. २० एप्रिलला उत्तर आले, आणि पाच महिन्यांनी प्रथमच यानाच्या प्रकृतीचे आकडे वाचता आले. त्यासाठी ४६ वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या आज्ञावलीसोबत नीट टिपणे लिहून ठेवली होती, आणि कोणीतरी ती रद्दीत घातली नव्हती.